बांबूच्या झोपड्यांतील तीन आठवडे : ब्रह्मदेश आघाडीवरील हिवताप उपचार केंद्रे

ऑक्टोबर १९४३ मध्ये जनरल विल्यम स्लिम यांनी ब्रह्मदेशात जपानशी लढणाऱ्या ब्रिटिश चौदाव्या आर्मीची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांच्यासमोर आलेल्या कागदांतले सर्वांत भयंकर आकडे जपानी फौजेचे नव्हते. त्या वर्षी जखमी झाल्यामुळे मागे पाठवाव्या लागलेल्या दर एका सैनिकामागे १२० सैनिक आजारपणामुळे मागे जात होते. एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होते आणि प्रत्यक्ष आघाडीवरच्या तुकड्यांत ते त्याहूनही अधिक होते. त्याखालोखाल आमांश, त्वचारोग आणि माइट नावाच्या सूक्ष्म किड्यांमुळे होणारा, अनेकांचा जीव घेणारा स्क्रब टायफस असा क्रम लागत होता. रोज हजारामागे बारा माणसे आजारी पडत असतील, तर शत्रूने एकही गोळी झाडली नाही तरी काही महिन्यांत लढायला माणूस उरणार नाही, हे कळायला मोठ्या गणिताची गरज नव्हती.

या परिस्थितीतून दीड वर्षात जे सैन्य उभे राहिले, त्याने रंगूनपर्यंत मजल मारली. इंफाळ, कोहिमा आणि मेक्तिला येथील लढायांवर पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. पण तापाने फणफणलेला सैनिक आघाडीपासून थोड्याच अंतरावर बरा करून, त्याच्या अंगात पुन्हा ताकद आणून, त्याच्याच पलटणीत परत पाठवणाऱ्या तुकड्यांचा इतिहास मात्र लष्करी वैद्यकाच्या जाड ग्रंथांत पडून राहिला आहे. मलेरिया फॉरवर्ड ट्रीटमेंट युनिट, म्हणजे लष्करी संक्षेपात एम.एफ.टी.यू., हे या तुकड्यांचे नाव. माझ्या मते त्या विजयातला त्यांचा वाटा एखाद्या डिव्हिजनइतका मोठा आहे.

आजारातून उठणाऱ्या सैनिकाला आघाडीपासून दूर, थंड हवेत न्यायचे, ही हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्कराची जुनी रीत होती. महाबळेश्वरची वसाहत १८२८-२९ च्या सुमारास जॉन माल्कम यांच्या काळात आरोग्यस्थान म्हणूनच आकाराला आली आणि एकोणिसाव्या शतकात पुरंदर किल्ल्याचा उपयोग गोऱ्या सैनिकांच्या विश्रांतीसाठी होत असे. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या आघाडीमागे कॉन्व्हलेसंट डेपो नावाची स्वतंत्र लष्करी व्यवस्था उभी राहिली. रुग्णालयातून सुटलेला, परंतु अजून बंदूक उचलण्याजोगा न झालेला सैनिक तेथे कवायत, चालणे आणि हलकी कामे करत टप्प्याटप्प्याने पूर्ववत होई. हिंदी सैनिकांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बार्टन-ऑन-सी येथे असा डेपो होता. त्या काळात सेन्सॉरने तपासलेल्या हिंदी सैनिकांच्या पत्रांत एक तक्रार वारंवार दिसते : बरे झालेल्या माणसाला पुन्हा त्याच खंदकांत पाठवतात. कॉन्व्हलेसंट डेपोमागचा मूळचा पेच या तक्रारीत पुरेपूर उतरला आहे. डॉक्टरला माणूस बरा करायचा असतो, सैन्याला शिपाई परत हवा असतो आणि या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली, बहुधा एकाच अधिकाऱ्याच्या सहीने व्हायच्या असतात.

ब्रह्मदेशाच्या सीमेवर मात्र जुनी रीत चालणे शक्यच नव्हते, कारण मध्ये अंतर होते. इंफाळच्या पलीकडे टेकड्यांत तापाने पडलेल्या जवानाला आधी डोंगरातल्या कच्च्या वाटेने, मग इंफाळहून दिमापूरपर्यंत दोनशेहून अधिक किलोमीटर वळणावळणाच्या रस्त्याने आणि तेथून अरुंद रुळांच्या आगगाडीने न्यावे लागे. ब्रह्मपुत्रेवर तेव्हा पूल नव्हता. पांडू आणि अमिनगाव यांच्यामध्ये फेरीबोटीने नदी ओलांडावी लागे, आणि पुढे रूंद रुळांच्या गाडीत बदली होई. अराकानच्या किनारपट्टीवरच्या रुग्णाला प्रवासाचा काही भाग समुद्रातून करावा लागे. ज्या तापाचा जोर योग्य औषधाने चार-सहा दिवसांत ओसरतो, त्या तापासाठी माणसाला शेकडो मैल हलवले जात होते, आणि तो परत यायला सरासरी किमान पाच महिने लागत होते. पुष्कळजण परत येतच नसत. वाटेतल्या भरती छावण्यांत त्यांचे दिवस कंटाळ्यात आणि अव्यवस्थेत जात आणि अनेकांची नेमणूक भलत्याच तुकडीत होई. ज्या हिंदी शिपायाची पलटण म्हणजे त्याची भाषा, त्याचे गाववाले आणि त्याचा सुभेदार होता, त्याच्यासाठी परक्या तुकडीत जाणे ही बारीक गोष्ट नव्हती.

यावरचा उपाय कागदावर अगदी सोपा होता : रुग्णाने रुग्णालयाकडे जाण्याऐवजी रुग्णालयानेच रुग्णाजवळ यायचे. एम.एफ.टी.यू. ही प्रत्यक्षात आघाडीमागे काही मैलांवर उभारलेली साधी रुग्णालये होती. काही तंबूंत होती, तर बरीचशी आसाम आणि मणिपूर भागात ‘बाशा’ म्हटल्या जाणाऱ्या बांबूच्या, गवताने शाकारलेल्या झोपड्यांत होती. ताप चढल्यापासून साधारण चोवीस तासांच्या आत सैनिक तेथे पोहोचे, तीन आठवड्यांच्या आसपास राही आणि थेट आपल्या तुकडीत परत जाई. जेथे पाच महिने जात होते, तेथे काही आठवडे लागू लागले. जेथे दर महिन्याला हजारो माणसे तापाने पडत, तेथे एवढ्या एका बदलाने किती पलटणींइतके बळ हाताशी राहिले असेल, याचा अंदाज वाचकाने करावा.

तीन आठवडेच का, याचे उत्तर रोगाच्या स्वभावात आहे. उपचाराचा तेव्हाचा लष्करी क्रम क्विनीन, मग मेपाक्रिन आणि शेवटी पामाक्विन असा होता, आणि तो क्यू.एम.पी. या अक्षरांनी ओळखला जाई. पहिल्या काही दिवसांत ताप उतरतो, पुढच्या काही दिवसांत औषधांचा क्रम पूर्ण होतो. परंतु ताप उतरलेला माणूस बरा झालेला नसतो. प्रत्येक हिवतापाच्या झटक्यात रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होते, प्लीहा वाढते, भूक मरते, आणि डोंगर चढताना धाप लागते. अशा माणसाला चाळीस-पन्नास पौंडांचे ओझे पाठीवर देऊन परत पाठवले, तर तो आठवड्याभरात पुन्हा कोसळणार हे ठरलेलेच. म्हणून तीन आठवड्यांतला उत्तरार्ध हा खरे तर औषधाचा नव्हताच. तो अन्नाचा, झोपेचा आणि हळूहळू वाढवत नेलेल्या श्रमाचा होता. आधी झोपडीभोवती फिरणे, मग छावणीतली हलकी कामे, मग व्यायाम आणि शेवटी कूच, असा कॉन्व्हलेसंट डेपोचा जुना क्रम येथे रुग्णालयाच्याच आवारात आला. उपचार आणि शक्ती भरून येण्याचा काळ एकाच जागी आणणे, हेच या तुकड्यांचे खरे वेगळेपण होते.

अन्नाचा प्रश्न हिंदी सैन्यात साधा नव्हता. हिंदू, मुसलमान, शीख, गुरखा यांची स्वयंपाकघरे वेगळी असत, शाकाहारी सैनिक वेगळे, आणि पश्चिम व पूर्व आफ्रिकेतून आलेल्या पलटणींचे खाणे आणखी वेगळे. ज्या सैन्यात ताजी भाजी आणि दूध हीच आघाडीवर दुर्मीळ वस्तू होती, तेथे दुखण्यातून उठलेल्या माणसाला पचेल आणि त्याच्या धर्माला चालेल असे जेवण बांबूच्या झोपडीत देणे हे काम औषध देण्याइतकेच महत्त्वाचे होते. सुश्रूषा करणारे हातही अपुरे होते. संपूर्ण आर्मीच्या रुग्णालयांत मिळून पन्नास खाटांमागे एक परिचारिकासुद्धा पुरेशी येत नव्हती. तिकडे ३ एप्रिल १९४३ रोजी हिंदी वैद्यकीय सेवेच्या वेगवेगळ्या शाखा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअरची स्थापना झाली होती, आणि या नव्या कोअरच्या हिंदी डॉक्टरांनी, नर्सिंग शिपायांनी, स्वयंपाक्यांनी आणि सफाई कामगारांनी ही केंद्रे चालवली. त्यांतल्या बहुतेकांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, याची मला मनापासून खंत वाटते.

औषधांचीही टंचाई होती. मार्च १९४२ मध्ये जावा बेट जपान्यांच्या हाती पडले आणि जगातल्या सिंकोना सालीचा नव्वद टक्क्यांहून अधिक पुरवठा एका फटक्यात तुटला. दार्जिलिंगजवळ मंगपू येथे आणि निलगिरीत सरकारी सिंकोना मळे होते, पण लाखोंच्या सैन्याला त्यांचे क्विनीन पुरणारे नव्हते. त्यामुळे मेपाक्रिन या कृत्रिम औषधाकडे वळणे भाग पडले. जर्मनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलेले हे औषध रोज घेतले तर ताप दबून राहतो, पण त्याने कातडी पिवळी पडते आणि काहींचे पोट बिघडते. ऑस्ट्रेलियात केर्न्स येथे नील हॅमिल्टन फेअरली यांच्या देखरेखीखाली १९४३ पासून चाललेल्या प्रयोगांत सैनिक स्वयंसेवकांनी स्वतःच्या अंगावर संसर्गित डास चावून घेतले, आणि रोज शंभर मिलिग्रॅमची एक गोळी नियमाने घेतल्यास घातक हिवतापसुद्धा डोके वर काढत नाही हे सिद्ध झाले. त्या स्वयंसेवकांचे ऋण आशियातल्या आणि पॅसिफिकमधल्या प्रत्येक दोस्त सैनिकावर आहे.

गोळी सिद्ध झाली तरी शिपाई ती गिळेलच असे नव्हते. या गोळीने पुरुषत्व जाते अशी अफवा सर्व पलटणींत पसरलेली होती. स्लिम यांनी यावर जो मार्ग काढला तो कठोर होता : अचानक एखाद्या पलटणीतल्या प्रत्येक माणसाची तपासणी करायची आणि ९५ टक्क्यांहून कमी जणांच्या शरीरात औषध सापडले, तर कमांडिंग ऑफिसरला पदावरून दूर करायचे. तीन अधिकाऱ्यांना असे काढावे लागले. पुढे ती वेळ आली नाही. सूर्यास्तानंतर अर्धी विजार घालायची नाही, बाह्या खाली सोडायच्या, अंधारात उघड्यावर आंघोळ करायची नाही, हे नियमही तितक्याच सक्तीचे झाले.

येथे मला एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. जोपर्यंत हिवताप म्हणजे हिंदुस्थानचा प्रवास आणि पाच महिन्यांची सुटका असे समीकरण होते, तोपर्यंत थकलेल्या, घरची ओढ लागलेल्या माणसाने गोळी गुपचूप थुंकून टाकण्यात त्याचा स्वतःचा फायदा होता, आणि त्याबद्दल त्याला दोष देणेही कठीण आहे. उपचार आघाडीजवळ आले आणि हा फायदाच संपला. ताप आला तर थंडी वाजून हाडे खिळखिळी होणार, तीन आठवडे झोपडीत काढावे लागणार आणि नंतर पुन्हा तीच टेकडी समोर असणार. तेव्हा गोळी घेतलेलीच बरी. शिस्तीच्या हुकमांना जे यश आले, त्यामागे बांबूच्या या झोपड्या होत्या, असे माझे मत आहे. इतिहासकार सहसा मेपाक्रिनचे श्रेय हुकमांना देतात आणि उपचार केंद्रांचा उल्लेख स्वतंत्र परिच्छेदात करतात, पण ही दोन चाके एकाच आसाला जोडलेली होती.

गंभीर रुग्णांसाठी मात्र दूरची रुग्णालये लागतच. त्यांना डकोटा विमानांतून पूर्व बंगालातील कोमिला आणि तिकडच्या मोठ्या रुग्णालयांत हलवले जाई. इंफाळचा रस्ता १९४४ च्या मार्चअखेरीपासून २२ जूनपर्यंत तुटला होता तेव्हा रसद टाकून रिकामी परतणारी विमाने हेच एकमेव साधन होते. पावसाळ्यात चिंडिट म्हणजे शत्रूच्या पिछाडीला खोलवर घुसून लढणाऱ्या तुकड्यांतल्या रुग्णांना बाहेर काढण्यासाठी इंदावगी सरोवरावर सुंदरलँड जातीची दोन उडती जहाजे उतरवली गेली आणि ती रुग्णांना घेऊन ब्रह्मपुत्रेच्या पात्रात उतरली. स्क्रब टायफसवर त्या वेळी कोणतेही औषध नव्हते. क्लोरॅम्फेनिकॉलचा गुण मलायात १९४८ मध्ये दिसून आला. तोपर्यंत या आजारात रुग्ण वाचायचा तो केवळ सुश्रूषेने, आणि वाचल्यावर त्याला आठवडेच्या आठवडे विश्रांती लागे. आसामात मार्गेरिटा येथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चालवलेल्या अमेरिकन विसाव्या जनरल हॉस्पिटलने अशा रुग्णांसाठी थंड केलेले कक्ष उभारले होते.

ही व्यवस्था किती नाजूक होती, हे त्याच भागातल्या दुसऱ्या एका घटनेवरून कळते. जनरल स्टिलवेल यांच्या हाताखालच्या, मेरिल्स मरॉडर्स या नावाने ओळखल्या गेलेल्या अमेरिकन तुकडीने १७ मे १९४४ रोजी उत्तर ब्रह्मदेशातील मिचिना येथील धावपट्टी घेतली. तोवर तिची माणसे आमांशाने, हिवतापाने आणि टायफसने पार खचली होती. शहर मात्र हाती आले नव्हते आणि माणसे कमी पडत होती. सलग तीन दिवस १०२ अंश फॅरनहाइट ताप असल्याखेरीज कोणाला मागे पाठवायचे नाही असा दंडक तेथे लागू झाला. एवढ्यावर न थांबता, मागच्या रुग्णालयांत आणि विश्रांतीच्या छावणीत असलेल्या सुमारे दोनशे जणांना, ते बरे होण्याआधीच, विमानात बसवून पुन्हा मिचिनाला पाठवण्यात आले. त्यांतल्या अनेकांना तिथल्या डॉक्टरांनी उतरल्याबरोबर परत धाडले. डॉक्टरांनी विरोध केला, नंतर चौकशी झाली, पण त्या तुकडीचा विश्वास जो उडाला तो परत बसला नाही. मिचिना ३ ऑगस्टला पडले.

त्याच सुमारास चिंडिट तुकड्यांवरही हाच प्रसंग आला. १११ व्या ब्रिगेडच्या सुमारे २,२०० माणसांची जुलै १९४४ मध्ये वैद्यकीय तपासणी झाली, तेव्हा कामाला योग्य असे फक्त ११८ जण निघाले. आदल्या वर्षी, १९४३ च्या पहिल्या मोहिमेत आत गेलेल्या सुमारे तीन हजारांपैकी २,१८२ जण परतले होते, आणि त्यांतले केवळ सहाशेच्या आसपास पुन्हा लढण्यास योग्य झाले. या आकड्यांचा अर्थ मी असा लावतो की शरीराच्या झिजेला एक मर्यादा असते, आणि ती ओलांडली की तीन आठवडे काय, तीन महिनेही पुरत नाहीत. आघाडीजवळचे उपचार केंद्र सैनिकाच्या भल्याचे ठरते ते त्याला परत पाठवण्याचा शेवटचा शब्द डॉक्टरचा असेल तरच. चौदाव्या आर्मीत ती मर्यादा बऱ्याच अंशी पाळली गेली. मिचिनात ती पाळली गेली नाही, आणि त्याची किंमत अशा माणसांनी मोजली ज्यांनी आपला वाटा आधीच पुरेपूर उचलला होता.

चौदाव्या आर्मीतही सारे सुरळीत होते असे म्हणता येणार नाही. इंफाळनंतर माघार घेणाऱ्या जपान्यांचा पाठलाग भर पावसात चालू ठेवायचा निर्णय झाला, आणि तो तामूहून कबाव खोऱ्यातून, म्हणजे हिवतापासाठी कुप्रसिद्ध असलेल्या प्रदेशातून जात होता. जुलै ते नोव्हेंबर १९४४ या काळात ३३ व्या कोअरची सरासरी संख्या ८८,५०० होती आणि तिने पन्नास हजारांहून अधिक माणसे गमावली. जवळजवळ सगळी आजारपणामुळे. त्यांपैकी मोठा हिस्सा हिवतापाचा होता. आधीच्या वर्षीचीच व्यवस्था राहिली असती, तर ही माणसे हिंदुस्थानभर विखुरली असती आणि डिसेंबरात चिंदविन नदी ओलांडायला सैन्यच नसते. एम.एफ.टी.यू. सैन्याच्या पाठोपाठ पुढे सरकत राहिल्या, नव्याने आलेल्या डी.डी.टी. या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली, गोळीची शिस्त अंगवळणी पडली, आणि १९४५ मध्ये रोजच्या आजाऱ्यांचे प्रमाण हजारी बारावरून हजारी एकवर आले. त्याच वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला रंगून हाती आले.

कोमिलाजवळ मैनामती येथे युद्धस्मशान आहे. तेथे सातशेहून अधिक सैनिक चिरविश्रांती घेत आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य रणांगणावर पडलेले नसून आसपासच्या लष्करी रुग्णालयांत मरण पावलेले आहेत. ब्रिटिश, हिंदी आणि आफ्रिकी सैनिकांबरोबर काही जपानी सैनिकही तेथे आहेत. या आघाडीवरचा जपानी शिपाई तर दुहेरी दुर्दैवी ठरला. त्याच्या सैन्याची वैद्यकीय व्यवस्था १९४४ च्या पावसाळ्यात पूर्ण कोसळली आणि इंफाळहून माघार घेताना हजारो जण भूक, आमांश आणि हिवतापाने रस्त्याच्या कडेला मेले. जावातल्या सिंकोनाचे मळे त्यांच्याच ताब्यात होते. ती साल आघाडीवरच्या माणसापर्यंत पोहोचवणारी साखळी मात्र त्यांच्याकडे उरली नव्हती.

युद्ध संपले आणि एम.एफ.टी.यू. मोडल्या गेल्या, बाशा पुढच्या पावसाळ्यात कुजून गेल्या असतील. सैनिक घरी गेले आणि मेपाक्रिनची रोजची गोळी थांबली. तेव्हा, ज्याला लष्करी डॉक्टर सौम्य हिवताप म्हणत त्या व्हायव्हॅक्स जातीचा ताप अनेकांना पुन्हा आला, कारण मेपाक्रिन रक्तातला परजीवी दाबते पण यकृतात लपलेल्याला हात लावू शकत नाही. परजीवीची ही यकृतातली अवस्था १९४८ मध्ये शॉर्ट आणि गार्नहॅम यांनी दाखवून दिली. तिच्यावर प्रभावी ठरलेले प्रायमाक्विन हे पामाक्विनच्याच कुळातले औषध १९५० च्या दशकात कोरियाहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना जहाजावरच देण्यात येऊ लागले. ब्रह्मदेशातून परतलेल्यांच्या वाट्याला ते वेळेवर आले नाही; त्यांतल्या पुष्कळांना पुढची दोन-तीन वर्षे, आपापल्या गावी, कोणत्याही छावणीच्या आधाराशिवाय तो ताप अधूनमधून काढावा लागला.